न विचारता दिलेलं औषध

डॉ. पद्मजाताईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, याची मला अजून धाकधूक वाटते.

निपाणीजवळ हायवेवर माझ्या आप्पांना ट्रकची धडक बसली. मी बेळगावातल्या खासबागेतून धावत रुग्णालयात पोचले, तेव्हा ते बेशुद्ध होते. ताई बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

"आप्पांना झटके येत होते, ते थांबलेत. त्यावर दोन औषधं वापरतात. जास्त चांगलं कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आम्ही संशोधन करतोय. चिठ्ठी टाकून जे निघालं, ते आप्पांना दिलं. विचारायला वेळ नव्हता. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची तशी परवानगी आहे. पण न विचारता दिलं, हे खरं."

शेजाऱ्यांच्या कढीपत्त्याची काडीसुद्धा विचारल्याशिवाय तोडायची नाही, हे आप्पांनी मला शाळेत घालण्याआधी शिकवलं होतं.

"माझे आप्पा काय उंदीर आहेत?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"नको म्हणालात तर त्यांची माहिती वापरणार नाही. उपचार आहेत तेच राहतील."

"नकोच!"

ताईंनी तसं लिहून घेतलं. "शुद्धीवर आले की त्यांनाही विचारीन. तोवर ती माहिती बाजूला ठेवते."

सहाव्या दिवशी आप्पा नीट बोलू लागले. ताईंनी एक शब्दही न गाळता त्यांना सगळं सांगितलं.

"आमची पोरगी काय म्हनली?" आप्पांनी विचारलं.

"नको म्हणाल्या."

आप्पा माझ्याकडे वळले. "बाईंनी औषध न इचारता दिलं, तू उत्तर न इचारता दिलंस. लई शहाण्या गं दोघी!"

मी तर त्यांच्याच बाजूने भांडले होते.

"मग तुमचं काय म्हणणं, आप्पा?" ताईंनी विचारलं.

"माझंबी न्हायच. पन ते मी सांगायचं हुतं."

आता ताई समजूत घालतील, असं मला वाटलं. त्यांनी कागदावर 'नको' लिहिलं, आप्पांची सही घेतली आणि रोजच्यासारखी तपासणी सुरू केली. पुढे एकदा फेरतपासणीला आलो तेव्हा लिफ्ट बंद होती, तर आप्पांना तपासायला त्या स्वतः तीन मजले उतरून खाली आल्या.

आज मी ताईंच्याच विभागात काम करते. चिकोडी-निपाणीकडून धावत आलेल्या नातेवाइकांना न विचारता औषध दिल्याची गोष्ट सांगणं, हेच माझं काम. माणसं ओरडतात, रडतात आणि मला दर वेळी पहिल्या दिवसाइतकाच धक्का बसतो. एकदा ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसायचा बंद झाला की सांग, तुला दुसरं काम देते."

ज्यांना तोंडावर 'नको' म्हणूनही आपलं माणूस त्यांच्याच हाती निर्धास्त सोपवता येतं, अशा ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आप्पांचीही हीच इच्छा आहे. या वेळी त्यांना विचारून लिहिलं आहे.