माझ्या अंगणातला, अक्काचा गुलाब

जळगावहून अक्काच्या मुलाचं पत्र आलं तेव्हा मी शाळेतून नुकतीच परतले होते. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड, म्हणजे अक्का गेली. ते दारातच वाचलं आणि आत येऊन चहा ठेवला. रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू... मनात आधी आलं ते हे की, आता हिला विचारायचं कायमचं राहिलं.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट. नवरा गेल्यावर वर्षभरात मला धुळ्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं. मागे एवढंसं अंगण. पश्चिमेला एका शेठजींच्या कापसाच्या वखारीची उंच भिंत, त्यामुळे ऊन यायचं ते दुपारी बारापर्यंत. नंतर दिवसभर सावली. इथे तुळस जगली तरी पुष्कळ, असं घरमालकच म्हणाले होते. शेजारच्या अक्काने मात्र कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "गुलाब लाव, बाई. सकायनं ऊन दूध शे, दुपारनं ऊन इस्तो शे." इस्तो म्हणजे विस्तव. आमच्याकडचा वैशाख ज्याने सोसलाय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

अक्का मूळची पारोळ्याची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण हात असा की वाळकी काडी रोवली तरी फुटावी. सावलीत पाणी कमी घालायचं, पानं ओली ठेवायची नाहीत, झाड मधून मोकळं छाटायचं म्हणजे वारा खेळतो, हे सगळं तिनेच शिकवलं. रानगुलाबाच्या खुंटावर डोळा कसा भरायचा तेही. सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा अलगद आत सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपाचा दोरा गुंडाळायचा. आणि एक नियम, तो ती देवाधर्माच्या गंभीरपणाने सांगायची. दुसऱ्याच्या झाडाचा डोळा मागून घ्यावा. चोरून घेतलेला डोळा लागत नाही, लागला तर फुलत नाही.

तिसऱ्या वर्षी मी डोळा भरलेल्या एका पिवळ्या गुलाबाला भलतंच फूल आलं. पिवळंच, पण प्रत्येक पाकळीला कुंकवाची कड. उन्हात ती कड दुपारपर्यंत विटली असती, माझ्या सावलीत चार चार दिवस टिकायची. मी अक्काला हाक मारली. ती बराच वेळ बघत राहिली. त्या काळी संक्रांतीला गल्लीत घरोघर हळदीकुंकू व्हायचं आणि माझं दार तेवढं वगळलं जायचं. हे अक्काला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आते हाई तुनं हळदीकुंकू." त्या दिवशी मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. सख्ख्या बहिणीपुढे रडले नव्हते तशी.

त्या मे महिन्यात वहिनीच्या बाळंतपणासाठी मी सोनगीरला भावाकडे गेले. किल्ली अर्थातच अक्काकडे. "तू जाय, मी देखसु," म्हणाली. दीड महिन्याने परतले तर हळदीकुंकवाच्या जागी वीतभर काळा खुंट. "जयी गयं, बाई. ऊनच तसं व्हतं." झाड उन्हाने जळालं, वाळल्या फांद्या तिने कापून टाकल्या होत्या म्हणे. मी विश्वास ठेवला. उलट स्वतःलाच बोल लावला, की झाड ऐन उन्हाळ्यात टाकून गेलीस कशाला? मग उरलेले गुलाबही शेजारीपाजारी देऊन टाकले आणि तिथे कोथिंबीर लावली.

पुढच्या हिवाळ्यात मुलाच्या नोकरीपायी अक्का जळगावला गेली. सामानात गोणपाटाने बांधलेल्या आठ कुंड्या होत्या, नुकत्याच छाटलेल्या. त्या मी स्वतः ट्रकवर चढवल्या. कडेची कुंडी कलंडू नये म्हणून तिला माझी जुनी उशी लावली.

दोन वर्षांनी पेपर तपासायला जळगावला जाणं झालं. शेजारच्या हॉलमध्ये पुष्पप्रदर्शन होतं म्हणून आम्ही शिक्षिका डोकावलो. मधल्या टेबलावर पिवळं फूल, कुंकवाची कड. पहिलं बक्षीस. चिठ्ठीवर अक्काचं नाव आणि खाली गुलाबाचं, 'हळदीकुंकू'. अक्का नवं लुगडं नेसून शेजारीच उभी होती. तेव्हा एकदम कळलं की झाड उन्हाने गेलंच नव्हतं, डोळ्यांसाठी फांदी न् फांदी सोलून तिने ते मारलं होतं. मी एवढंच म्हटलं, "अक्का, मागितलं असतंस तर सगळं झाड दिलं असतं गं." तिने इकडेतिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आपलामा तुनं-मनं काय करनं, बाई? फूल त फूल शे."

फुलाचं मला काही नव्हतं. पण नावही नेलंस? जे तू एका विधवेला तिच्या अंगणात दिलं होतंस, तेच? त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. तिनेही कधी चार ओळी लिहवून घेतल्या नाहीत. चोरीच्या डोळ्याला फूल येत नाही म्हणणारीच्या दारात तो मात्र दर वर्षी फुलत होता.

दिवस झाल्यावर भेटायला गेले. मुलगा घरी नव्हता, सून होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, अक्काच्या तालमीत तयार झालेली. परसात नेलं. पूर्वेची मोकळी बाजू, पश्चिमेला मुद्दाम बांधलेली उंच भिंत... माझंच अंगण अक्काने विटांनी पुन्हा बांधलं होतं. निघताना सुनेने एक छोटी कुंडी माझ्या हातात दिली. डोळे भरले होते तिचे.

"अक्कांची आठवण म्हणून न्या. त्यांनी स्वतः शोधलेला गुलाब आहे हा. पण बाई, याला फार जपावं लागतं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, दोन्ही लागतं याला. तुम्हाला जमेल का?"

त्या पोरीचा काय दोष? मी पदराने कुंडी पुसली आणि म्हटलं, "नीट सांग बाई, मला यातलं काही कळत नाही."

ती सांगत गेली. शब्द न् शब्द अक्काचा. मी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.