एक किलो दोनशे चाळीस

यवतजवळच्या वस्तीवर बाळंतपणातलं काही विचारायचं असलं की बायका अनसाबाईकडे येत. तरुणपणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडताना ती पाच वेळा बाळंत झाली होती. तीन पोरं जगली. उरलेली दोघं ओंजळीएवढी जन्मली आणि आठवड्याच्या आत तिच्या हातातच गेली. त्यांच्याबद्दल ती कधी बोलत नसे.

सून प्रगतीला सातवा महिना होता. शेवंती तोडताना पाय सुजतात म्हणाली, तर अनसाबाईनं मनावर घेतलं नाही. "सुजत्यात. माझं बी सुजायचं." आरोग्य केंद्राची आशाताई सिंधू दोनदा येऊन बजावून गेली, "मावशी, हिचं रक्त कमी हाय. पहिला अजून वर्षाचा बी न्हाई. बीपी तपासायला आणा." "आणते की," म्हणत अनसाबाईनं फुलांच्या तोडणीपायी दिवस ढकलले.

मंगळवारी दुपारी प्रगती डोकं धरून मटकन खाली बसली. "आत्या, डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. तुमचं तोंड दिसंना मला."

अनसाबाईनं लेकाला हाक मारली. मल्हारनं बायकोला शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि पुन्हा गुंडाळला.

"एकशे ऐंशी आहे. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. झटका आला तर..." बाई थांबल्या. "तंबाखू, मिश्री काही लावते?"

प्रगती सासूकडं बघत राहिली.

"मिश्री," अनसाबाई म्हणाली. "दात दुखायचा तिचा, म्हणून म्याच डबी दिली. तिला काय बोलू नगा."

"मिश्री, कमी रक्त, पाठोपाठ दिवस, वर हे बीपी. बाळ फार लहान असेल, आजी."

ॲम्ब्युलन्स आदळली की अनसाबाई सुनेच्या पापण्यांकडं बघायची. हलतात ना? पुण्यात लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, एक किलो दोनशे चाळीस ग्रॅमची. ती काचेच्या पेटीत, आई अतिदक्षता विभागात, आणि मधल्या बाकावर अनसाबाई. कुठलंही दार उघडलं की ती दचकून उठायची.

सहाव्या दिवशी नर्स म्हणाली, "आजी, आईला अजून उठवत नाही. बाळाला छातीशी धरायला तुम्ही या."

अनसाबाई मागं सरली. "माझ्या हाती नगं, बाई. एवढुशी माझ्या हाती जगत न्हाईत."

"तिला ऊब हवी आहे, आजी. या."

नर्सनं पोर तिच्या उघड्या छातीवर ठेवली. कातडीखालच्या निळ्या शिरा दिसत होत्या. अनसाबाई पोरीचा श्वास मोजू लागली आणि मोजता मोजता तो थांबलाच. ओठ काळवंडले. "अगं, गेली! धावा!" नर्सनं येऊन तळव्याला टिचक्या मारल्या आणि छाती पुन्हा हलली. अनसाबाईला घाम फुटला होता, तरी तिनं नातीला खाली ठेवलं नाही.

प्रगती हळूहळू सावरली. एकेचाळीस दिवसांनी मायलेकी घरी आल्या. पण वेळेआधी जन्मलेल्या पोरीचे डोळे तपासायला दर पंधरवड्याला पुण्याला जावं लागतं. यवतहून डेमू रेल्वेनं जाताना नात अनसाबाईच्याच मांडीवर असते. पुणं आलं की ती आधी दुपटं बाजूला करून पोरीची छाती हलते का बघते, आणि मगच उतरते.