आईच्या नावातले सांधे

“आईचं नाव तोडलंस तू, पेंटर!” नानाशेठनी माझ्याच टेबलावर माझाच पत्रा आपटला.

साठ सालानंतरची गोष्ट. डहाणू स्टेशनजवळ माझं पेंटिंगचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, होड्यांची नावं, जे येईल ते करायचो. नानाशेठ वाणगावकडचे चिकूवाले. बागेला त्यांनी आपल्या वारलेल्या आईचं नाव दिलं होतं, देवकी बाग. खोक्यांवर ते छापायला स्टेन्सिल हवी होती. स्टेन्सिल म्हणजे अक्षरं कापून काढलेला पत्रा. तो खोक्यावर धरायचा, वरून रंगाचा ब्रश थापायचा, नाव उमटतं.

मी अक्षरं जाड काढली आणि सगळी टोकं गोल ठेवली. हौस म्हणून नव्हे. टोकदार कोपऱ्यात रंग साचतो आणि ओघळतो. गोल टोकात साचत नाही. आणि जाड अक्षर गोदामाच्या अंधारातही लांबून वाचता येतं. पहिली खोकी छापून मुंबईला गेलीसुद्धा. मग शेठच्या घरच्यांनी एक खोकं नीट पाहिलं.

भांडण होतं सांध्यांचं. व, क, ब या अक्षरांना पोट असतं. पत्र्यात त्यांची रेघ पूर्ण कापली की मधला तुकडा सुटून पडतो आणि छापल्यावर रंगाचा नुसता गोळा दिसतो. म्हणून पोट धरून ठेवायला पत्र्याची बारीक पट्टी सोडावी लागते. तिला आम्ही सांधा म्हणतो. सांध्याखाली रंग जात नाही, तिथे फट राहते. एवढीच भानगड.

“शेठ, सांधे काढले तर अक्षरच राहणार नाही.”

“मला शिकवू नको. गेलेल्या माणसाचं नाव कोणी तुकडे करून लिहितं? बहीण रडते आहे घरात.”

“मग छापल्यावर फटी ब्रशने भरून घ्या.”

“ते माझं काम आहे काय?” असं म्हणून त्यांनी माझी कात्री उचलली आणि व चे सांधे कापून टाकले. पोट टणकन फरशीवर पडलं. शेठनी ते उचलून माझ्यासमोर धरलं. मग म्हणाले, “बघ! मालच हलका आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पत्रा उचलून रस्त्यावर फेकला. शेठ गेले, पण गप्प बसले नाहीत. बाजारात आणि बंदरावर भेटेल त्याला सांगत सुटले, या पेंटरच्या हातची अक्षरं अपशकुनी आहेत.

नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवून नावं नव्याने लिहून घेतात. माझं वर्षाचं मोठं काम तेच. त्या वर्षी एकही होडीवाला आला नाही. हिरामावशी रोज माझ्या पायरीवर मासळीची टोपली टेकून बसायची. तिच्या घरची होडी दरवर्षी माझ्याकडेच असायची. तीही मान खाली घालून म्हणाली, “पेंटरभाऊ, रागावू नको. होडी दर्यात जाते. मानसं असतात तिच्यात.”

तिच्यावर काय चिडणार? नानाशेठवरच दुप्पट चिडलो. दुकान बंद करून वापीला जावं, इथवर विचार पोचला.

दिवाळीनंतर शेठ हसत हसत दुकानात आले. जणू काही झालंच नव्हतं. हातात नवाकोरा पत्रा.

“मुंबईहून करून आणलाय. अगदी असाच अजून एक कापून दे. बघ जरा, याला म्हणतात काम!”

मी पत्रा उजेडात धरला. जाड अक्षरं, गोल टोकं. व, क, ब, तिघांनाही सांधे आणि तेही मी ठेवले होते तिथेच. माझ्या ग च्या दांड्याचं टोक छिन्नी घसरून एका बाजूला चपटं झालं होतं. तेही जसंच्या तसं उतरलं होतं. मुंबईतल्या कुणीतरी माझ्या पहिल्या खोक्यांवर कागद ठेवून सरळ गिरवलं होतं.

“शेठ, ही माझी अक्षरं आहेत.”

“काहीतरीच! तुझी तुटकी होती. हे डिझाइन आहे.”

“मग आधी बंदरावर जाऊन सांगा, फट ठेवली म्हणून अपशकुन होत नाही.”

“त्यात सांगायचं काय? लोकांना दिसेलच की.”

“तर मग दुसराही मुंबईलाच करून घ्या.” मी पत्रा त्यांच्या हातात कोंबला. शेठ पुटपुटत निघून गेले.

पायरीवरून हिरामावशी सगळं बघत होती. ती उठून आत आली. मला वाटलं, आता हिला तरी खरं काय ते कळलं.

“पेंटरभाऊ, आमच्या होडीचं नाव काड आता. पन तशीच फटवाली अक्षरं पायजेत.”

“अगं मावशी, होडीवर मी हाताने ब्रशने लिहितो. तिथे पत्रा नाही, पोट पडत नाही, सांधा लागतच नाही!”

“नसंल लागत. पन मुंबईवाल्यानं ठेवलाय ना?”

मी पुन्हा एकदा समजावलं. तिने टोपली उचलली. दुसऱ्या पेंटरकडे जायच्या बेतात होती. मी ब्रश घेतला आणि तिच्यामागून बंदरावर गेलो.

पुढच्या नारळी पौर्णिमेला जो तो तीच अक्षरं मागत होता. धंदा सावरला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी कारण सांगत नाही. मुंबईची स्टाइल आहे म्हणतो, कोणी हुज्जत घालत नाही. पण हिरामावशीच्या होडीवरची एकेक फट मी दातओठ खात सोडली होती, आणि तो राग अजून गेलेला नाही.