मोहाचं झाडबी हाललं का?

जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. गोंदियात आम्हा दोघा भावांचं फोटोचं दुकान होतं. कॅमेऱ्याची तिपाई घ्यायला नागपूरला गेलो, तिथे मी जवसाचं तेल पाजलेली जाडजूड सागवानी तिपाई निवडली. "एवढं ओझं कायले? गिऱ्हाईक चमक पायते," म्हणत दादाने बारीक, टोकदार पायांची पितळी घेतली. पहिला फोटो आईचा काढायचा होता, पण ती धानाची रोवणी सोडून दुकानात येईना. मग आम्हीच तिरोड्याजवळच्या आमच्या बांदीत, धानाच्या खाचरात गेलो आणि धुऱ्यावर, त्या चिंचोळ्या बांधावर, पितळी तिपाई मांडली. आभाळ भरलेलं, म्हणून भिंगाचं झाकण काढून मी सावकाश पाच मोजले. पोटरीभर चिखलात, हातात धानाच्या रोपांची पेंडी धरून आई श्वास रोखून उभी होती. फोटो घरी आणला तर आईला दोन तोंडं. "तू हालली," दादा तिच्यावरच खेकसला. "हालली असन बापू, कंबर दुखून राहिली होती." माझा भडका उडाला. फोटो दादाच्या नाकासमोर धरून मी ओरडलो, "मागचं मोहाचं झाडबी दोनदा आलं, तेबी हाललं का?" मी पाच मोजेपर्यंत ओल्या धुऱ्यात ते टोकदार पाय रुतले होते, एवढं त्याला कळलं, कबूल मात्र केलं नाही. पुढच्या रोवणीला आई नव्हती. सागवानी तिपाई नंतर मी एकट्याने आणली. आजही तिला तेल लावताना मी फडकं रागाने घासतो, कारण आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिली, "पोरांनी चांगला काढला होता वं, मीच हालली."