गोजराबाईंचा तिखट कान

आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे गोजराबाईंच्या, कानाची कीर्ती पार वाशीमच्या बाजारापर्यंत होती. मातीचा तवा बोटाने टकटक वाजवायचा, डोळे बारीक करायचे आणि सांगून टाकायचं, पक्का की कच्चा. सन चौतीसच्या सुमारास बाजारात लोखंडी तवे आले, तरी गावच्या बायका म्हणत, भाकरी गोड लागते ती मातीच्याच तव्यावर, आणि तवा निवडावा तो गोजराबाईनंच. बाजाराच्या दिवशी पहिली बैलगाडी आमच्या दारात थांबायची.

खरी गोष्ट एवढीच, की बाई ठार बहिऱ्या होत्या. दूध उतू चाललं म्हणून मी न्हाणीतून ओरडले, तरी त्या चुलीकडे पाठ करून सुपारी कातरत राहायच्या. वर तव्याचा विषय निघाला की माझाच उद्धार! "तुले काय समजते तव्यातलं? तुह्या कानात कापूस भरला हाय."

असा राग यायचा! एका शब्दात त्यांचं पितळ उघडं पाडता आलं असतं. पण मग त्यांना बाजारात कोण नेणार? शेत आणि घर सोडून त्यांच्या नशिबी तेवढाच एक रस्ता होता. म्हणून मी गप्प बसायची. त्या तवा कसा निवडतात, तेही मी ताडलं होतं. वाजवताना त्यांची नजर जगदेव कुंभाराच्या तोंडावर असायची. तो खुलला की तवा पक्का.

त्या खेपेला आम्हालाच तवा हवा होता. बरोबरच्या बायका बांगड्या बघायला गेल्या होत्या. सासूबाईंनी एक तवा वाजवला, जगदेव खुलला, आणि मला म्हणाला, "सूनबाई, दहा सालांपासून मले काइच आयकू येत नाई. या बाईचं तोंड पायतो अन् चांगला माल ओयखतो."

सासूबाईंनी मान डोलावली. "आवाजच सांगते, बापा."

मी तवा उचलून वाजवला. भद्द! चांगलाच तडकलेला होता. माझं तोंड उतरलेलं सासूबाईंनी पाहिलं आणि त्या घाबरल्या. तेवढ्यात बायका परत आल्या. "काय वं, कसा हाय तवा?"

"घंटीसारखा वाजते," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी चुलीवर त्याचे दोन तुकडे झाले. शेजारणी जमल्या. सासूबाईंनी तुकडे हातात घेऊन नीट निरखले आणि म्हणाल्या, "तवा अस्सल होता. सुनेचा हातच जड हाय."

सगळ्यांना पटलं.