टॅलाहून आणलेला रेनकोट

टॅलाला जाणारी लुआस (डब्लिनची ट्राम) बेलगार्डला दोन वाटांनी फुटते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्याच टोकाला, सॅगर्टला उतरले. उलट फिरून टॅलाला पोहोचले तेव्हा धाकटा भाऊ मिलिंद थांब्यावर भिजत उभा होता.

"चुकलीस? ग्रँड!" तो म्हणाला. ग्रँड म्हणजे ठीक. इथे पाऊस आला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड.

मिलिंद सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या कामाच्या परवान्यावर त्याची बायको लगेच येऊ शकली. त्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी वैशाली मात्र एकटी. ती आमच्याच नागपूरची, इथल्या एका वृद्धाश्रमात शुश्रूषा करते. मुलगी आर्या नागपूरला आजीकडे. मुलीला आणण्यासाठी पगाराची अट आहे आणि वैशालीच्या कामाला तेवढा पगारच नसतो. माणूस हवं, त्याचं मूल नको, असा याचा अर्थ का, असं मी दोनदा विचारलं. वैशाली दोन्ही वेळा नुसती हसली.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ही अट बदला म्हणणाऱ्यांची सभा होती. दुधाचा चहा, बिस्किटं आणि वैशालीने केलेल्या सांबारवड्या (कोथिंबिरीच्या). खिडकीतून डोंगर दिसत होते. थोड्या वेळाने ढग आले आणि डोंगर नाहीसे झाले.

नगरसेवक आले. पहिल्याच तिखट घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ग्रँड," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरी वडी उचलली.

वैशाली उठून इंग्रजीत म्हणाली, "मी रोज इथल्या लोकांच्या आयांचे केस विंचरते. माझ्या मुलीचे मला विंचरता येत नाहीत."

नगरसेवकांनी कप खाली ठेवला. "हे माझ्यावर सोडा."

"अट त्यांच्या हातात आहे?" मी मिलिंदला हळूच विचारलं.

"छे! ती सरकारच्या हातात."

"मग खासदाराला का नाही बोलावलं?"

"बोलावलं होतं, आला नाही. हे इथले नागरिक नाहीत, त्याला यांचं मत नसतं ना. नगरसेवकाला मात्र इथे राहणारा कुणीही मत देऊ शकतो."

"म्हणजे ज्याला यांची मतं, त्याच्या हातात काहीच नाही?"

"चला, ताईला आयर्लंड कळलं!"

मला काहीच कळलं नव्हतं. परतताना वैशालीने विचारलं, "मिलिंददादा, माझ्यावर सोडा म्हणजे हो की नाही?"

"नऊ वर्षं झाली इथे. मलाही कळत नाही."

मी नागपूरला निघताना तिने आर्यासाठी पिवळा रेनकोट दिला. बराच मोठा होता. "कधी येऊ देतील माहीत नाही ना, ताई," ती म्हणाली.

नागपूरला रखरखीत ऊन होतं. आर्याने रेनकोट तिथल्या तिथे चढवला. बाह्यांत तिचे हात दिसेनासे झाले.

"मावशी, ते साहेब हो म्हणाले का?"

"माझ्यावर सोडा, म्हणाले."

"म्हणजे?"

कोण काय म्हणालं ते नेमकं सांगणं हा बातमीदार म्हणून माझा व्यवसाय आहे. ते मी सांगितलं होतं.

आर्याने दोन्ही बाह्या दोन-दोनदा दुमडून हात बाहेर काढले.

"आईला सांग न," ती म्हणाली, "हा मला आत्ताच बरोबर होते."