धुतलेल्या बाटल्यांतलं जस्त

"गायकवाड, तुम्ही बाटल्या धुवून पाठवताय का घाण करून?"

शेठनी फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. दुसरा लॉट आम्ही पहिल्याच्या दुप्पट वेळा धुतला होता आणि रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला होता. क्वालिटीत चौदा वर्षं काढली, पण धुतल्यावर जास्त खराब होणारी वस्तू मी पहिल्यांदाच बघत होतो.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या बाटल्यांचा कारखाना आहे. मी तिथं क्वालिटी इनचार्ज. आमचा बहुतेक माल फवारणीची औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना जातो. बाटली गळत नाही, झाकण नीट बसतं, वजन बरोबर आहे, एवढं बघितलं की माझी सही होते. बाटलीच्या आतल्या भिंतीवर डोळ्याला न दिसणारं काय आहे, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं आपटे मॅडमनी. त्या समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करतात. बोटीनं दक्षिण ध्रुवाजवळ जायचं, बर्फाच्या कडेचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात लोह, जस्त असे धातू किती आहेत ते मोजायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या परदेशी बाटल्या वाटेत अडकल्या होत्या. आमच्या पाच सॅम्पल बाटल्या त्यांनी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या, म्हणून चारशेची ऑर्डर द्यायला त्या स्वतः आल्या.

"किती जस्त असतं त्या पाण्यात?" मी विचारलं.

"भरलेल्या विहिरीत साखरेचे दहा-बारा दाणे टाका. तेवढं," मॅडम म्हणाल्या. "पण त्या दाण्यांवरच तिथलं सगळं चालतं. पाण्यात डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती असतात. कोळंबीसारखे बारके जीव त्यांना खातात, आणि त्या जिवांवर देवमासे आणि पेंग्विन जगतात. तिथल्या पाण्यात नत्र भरपूर, स्फुरद भरपूर. तरी या वनस्पती वाढत नाहीत, कारण लोह कमी पडतं. काही जातींना जस्तही लागतं."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर डोक्यावरून गेलं होतं. पॅकिंगच्या सुनंदाबाई शेजारी बाटल्या मोजत होत्या. त्या अंथुर्ण्याच्या, घरी थोडा ऊस आहे. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "म्हंजी आमच्या उसाला केवडा पडतो तसंच की. युरिया टाका न्हाय तर काय बी टाका, पान पिवळं ते पिवळंच. फेरस मारलं की मग हिरवं व्हतंय."

"अगदी तेच! फेरस म्हणजे लोहच!" मॅडम एकदम खूश झाल्या. मला मात्र राग आला. ग्राहकापुढं मध्येच कशाला बोलायचं?

ऑर्डर मिळाल्यावर मी जरा फुशारलो. बाटल्या ध्रुवावर जाणार, त्या जशाच्या तशा कशा पाठवायच्या? मॅडमनी धुवायला सांगितलं नव्हतं, ही माझीच हौस. वेगळी खोली काढली, आरओचं पाणी आणलं, दारावर 'चप्पल बाहेर काढा' अशी पाटी लावली. बाटल्या उपड्या वाळवायला स्टँड केला आणि त्याच्यावर नवी कोरी जाळी ताणून बसवली. शेठनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

पहिल्या लॉटनंतर मॅडमचा फोन आला. "बाटल्यांतून जस्त येतंय. आम्ही बाटल्या वापरायच्या आधी कित्येक दिवस ॲसिडमध्ये भिजवतो. तुमच्या बाटल्यांनी आमचा तो टबच खराब केला. बोट निघायला महिना राहिलाय."

मी म्हणालो, "मॅडम, काळजी करू नका, डबल धुतो."

डबल धुतलं, आणि शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं ते त्यासाठीच.

मग मी शोध सुरू केला. प्लास्टिकचे दाणे तेच होते. साचा तोच. बाटली साच्यातून सुटावी म्हणून मारतात तो स्प्रे तोच, आणि त्यात जस्त नाही असं सप्लायरनं लिहून दिलं. आरओचं पाणी मॅडमकडे पाठवलं, तेही ठीक निघालं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच, की मग हे जस्त येतंय कुठून? आकाशातून पडतंय का?

आणि मग मला डबा सापडला. पॅकिंगच्या खोलीत खिडकीत घामोळ्यांच्या पावडरीचा डबा होता. हातमोज्यांत हात घामेजतात म्हणून सुनंदाबाई ती लावायच्या. मी डबा फिरवून मागं छापलेलं वाचलं. झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्तच!

मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. डबा घेऊन तडक शेठकडे गेलो.

"घरी बसवा तिला," शेठ म्हणाले. "आणि लेखी द्या. उद्या मॅडमनी विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे."

मी पत्र टाइप केलं. 'आपल्या निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाले आहे.' खाली माझी सही.

सुनंदाबाईंनी पत्र वाचलं. "साहेब, जरा ऐका, पावडर तर..."

"पावडरीवर छापलंय, बाई. मी माझ्या मनाचं सांगत नाही."

त्या गेल्या. मी बारामतीहून कंपनीच्या बसनं येतो. दुसऱ्या दिवशी बस अंथुर्ण्याला थांबली नाही, कारण तिथं चढणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

नव्या हातमोज्यांनी, बिनपावडरीच्या हातांनी तिसरा लॉट धुतला. रिपोर्ट आला. जस्त होतं तेवढंच.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पावडर गेली, पावडर लावणारी गेली, जस्त जागेवर! मॅडमचा आवाज आता थकलेला होता. "अजून एकच वेळ बघते. नाहीतर मी जस्त मोजायचंच सोडून देते. पुढची बोट कधी मिळेल काय माहीत."

संध्याकाळी बसमध्ये असताना सुनंदाबाईंचा फोन आला. मला वाटलं, परत घ्या म्हणणार. त्या म्हणाल्या, "साहेब, पत्र दिलं त्या दिशी तुमी बोलूच दिलं न्हाय. मॅडमला पहिल्यांदा पाच बाटल्या दिल्या व्हत्या, त्या पिशवीत कुणी भरल्या?"

"कुणी?"

"मीच की. पावडर तवा बी व्हती हाताला. आन् त्या चांगल्या निघाल्या. तवा धुतल्या मातुर न्हवत्या."

बस निमगाव केतकी सोडून पुढं निघाली होती. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायला आलेल्या बाईला मी गप्प केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना तीन प्रकारच्या बाटल्या पाठवल्या. एक, अजिबात न धुतलेल्या. दोन, धुऊन ओल्याच झाकण लावलेल्या. तीन, धुऊन वाळवलेल्या. उत्तर आलं, पहिल्या दोन स्वच्छ, तिसऱ्यात जस्त.

म्हणजे वाळवण्यात गडबड होती. मी त्या खोलीत गेलो, चप्पल बाहेर काढून. स्टँडसमोर उभा राहिलो. वर ती नवी चकचकीत जाळी. निमगाव केतकीच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी स्वतः निवडून आणलेली. कोंबड्यांच्या शेडला लोक नेतात तीच. लोखंडाला गंज चढू नये म्हणून अशा जाळीवर जस्ताचा थर देतात. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, ते धातूला लगेच ओढून घेतं. ओल्या बाटलीचं तोंड त्या जाळीवर तासन्‌तास टेकलेलं, आणि काठावरच्या थेंबात जस्त उतरत होतं. डबल धुतल्यावर बाटल्या डबल वेळ वाळल्या होत्या.

साच्यातून निघालेल्या चारशे बाटल्या हात न लावता थेट पिशवीत भरल्या आणि तशाच पाठवल्या. मॅडमनी त्या भिजवल्या, तपासल्या, बोटीवर चढवल्या. पुढं त्यांचा मेसेज आला की बाटल्यांनी त्रास दिला नाही, मोजमाप नीट झालं.

शेठना सगळं सांगितलं. ते हसले. "झालं ना काम? मग मिटवा. तिला बोलवून घ्या." मला कुणी पत्र दिलं नाही.

मी अंथुर्ण्याला उतरलो. सुनंदाबाई दारात मटकी निवडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"येते," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या सहीचं ते पत्र फायलीत हाय न्हवं?"

"काढून टाकतो."

"काढू नगा. त्येच्यावर दुसरं लावा, चूक कुणाची व्हती त्ये लिवून. आन् पॅकिंगमधी वाचून दावा. तितल्या बाया आजून मला पावडरवाली म्हनत्यात."

या सगळ्यातून मी एक शिकलो. बिघाड शोधताना जी यादी करतो, तिच्यात पहिल्या ओळीत मी स्वतः काय केलं ते लिहितो. बाकीचे सगळे खाली.

सोमवारी सकाळी पॅकिंगमध्ये सगळ्या बायका उभ्या होत्या. पाठीमागं कॉम्प्रेसर चालू होता. मी कागद उघडला. 'जाळी मी निवडली. चूक माझी होती. सुनंदाबाईंचा काही दोष नव्हता.' हळू आवाजात, भराभर संपवून कागदाची घडी घातली.

सुनंदाबाई सगळ्यांत मागं उभ्या होत्या.

"साहेब, मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "हितं मागं काय बी ऐकू आलं न्हाय."

मी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.